तळमजल्यावरचा सत्कार

आमच्या कॉलेजात मॅडम पुष्कळ होत्या, बाई एकच. वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख. नुसतं "बाई आल्या" म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं की कोण आलं, आणि जो तो आपापला शर्ट चाचपून बघायचा.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. विरारला फ्लॅट घेतला आणि वसईच्या या कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो तर त्यांनी माझी पदवी विचारली नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "केळीला खोड असतं का?"

मी म्हणालो, "नसतं. दिसतं ते पानांच्या देठांचं गुंडाळं. खरं खोड जमिनीखाली."

"बसा."

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या. विम्याच्या एजंटला विचारायच्या, भावाकडे सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांना विचारायच्या. बाईंच्या घराण्याच्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्या होत्या, वसईच्या किनाऱ्यालगत. केळीत वाढलेली माणसंसुद्धा बिनदिक्कत 'केळीचं खोड' म्हणतात याचा त्यांना मनापासून राग येई. "जे खोड नाही त्याला खोड म्हणायचं नाही. नाव चुकलं की उपाय चुकतो," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मला वाटायचं, नावाने काय होतंय? भाजी तर तीच होते. पण हे त्यांच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती.

बरोबर उत्तर देणाऱ्याला त्या पर्समधून सुकेळीचा तुकडा काढून देत. सुकेळी म्हणजे वसईची उन्हात वाळवलेली केळी, मधासारखी गोड आणि चामड्यासारखी चिवट. तोंडात तुकडा गेला की विद्यार्थी पाच मिनिटं गप्प. हा बक्षिसाचा भाग की शिस्तीचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माणसांना त्या झाडांची नावं ठेवत. मी निवडुंग, कारण माझ्या गावाला पाणी नाही. प्राचार्य लाजाळू. स्वभावाने भला माणूस, पण कुठलाही प्रश्न लावला की पानं मिटून घ्यायचा. आणि संस्थेचे अध्यक्ष गुलमोहर. "फुललेले बघावेत. सावलीची अपेक्षा ठेवू नये." विशेष म्हणजे हे सगळं त्या त्या माणसाला ठाऊक असे, आणि कोणी रागावत नसे. अध्यक्ष स्वतः त्यांचे विद्यार्थी होते. खरं तर वसईतला निम्मा शिकलेला समाज त्यांच्या हाताखालून गेला होता.

हाताखालून म्हटलं, पण मी गेलो तेव्हा त्या हातांची रया गेली होती. संधिवात. बोटं एका बाजूला झुकलेली, गुडघे सुजलेले. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला देठाचा किंवा खोडाचा ब्लेडने इतका पातळ काप काढावा लागतो की तो पाण्यात टाकला तर दिसू नये. त्याला आम्ही सेक्शन म्हणतो. बाईंना ब्लेड धरता येत नसे. पण मुलीच्या मागे उभ्या राहून त्या नुसतं बोलत, "दाबू नकोस, ओढ. अंगाकडे ओढ. श्वास सोडू नकोस आता," आणि त्या मुलीच्या हातून असा काप निघे की मी तोंडात बोट घालायचो. माझी बोटं धडधाकट होती आणि माझे विद्यार्थी कांद्याची कोशिंबीर करत असत. असूया वाटायची मला, खोटं कशाला सांगू.

"सकाळी सात ते नऊ माझी बोटं माझी नसतात," बाई म्हणायच्या. आणि आमची प्रॅक्टिकल्स साडेसातला सुरू. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर.

भाऊ त्यांना टेम्पोतून सोडायचा. मागे फुलांच्या करंड्या, पुढे बाई. तिथून जिना. भिंतीला हात लावत एकेक पायरी, आणि मधल्या वळणावर विश्रांती. विश्रांतीसुद्धा फुकट जायची नाही. वळणावरच्या भिंतीला ओल होती, तिथे शेवाळ आणि दगडफूल धरलं होतं. बाई तिथे टेकल्या की मुलं वरून खाली यायची आणि तास तिथेच सुरू व्हायचा. जाणाऱ्या-येणाऱ्या कॉमर्सच्या मुलांनाही त्या थांबवून दगडफूल दाखवायच्या. गरम मसाल्यात आपण काय खातो हे त्या पोरांना बी.कॉम.च्या जिन्यात कळलं.

पण एका सकाळी त्या त्याच वळणावर बसल्या आणि उठता येईना. वर जाता येईना, खाली जाता येईना. मी आणि दोन मुलींनी हात दिला, तर "थांबा" म्हणाल्या आणि तासभर तिथेच बसून राहिल्या. शेवटी भावाला बोलावून आणलं. डॉक्टरांनी सांगितलं की जिना आता कायमचा बंद, नाहीतर अंथरूण.

त्यांच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. घरी भावाचं कुटुंब होतं, वाडी होती, काही कमी नव्हतं. पण शिकवणं गेलं तर बाईंकडे बाई म्हणून काय उरणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

बाईंनी अर्ज लिहिला. बोटांमुळे अक्षर वाकडं, मजकूर सरळ. 'मला शिकवता येते. जिना चढता येत नाही. कृपया या दोहोंतील फरक लक्षात घ्यावा.' पुढे मागणी: प्रयोगशाळा तळमजल्यावर आणावी आणि प्रॅक्टिकल दहानंतर ठेवावं. बस्स. आजाराचं वर्णन नाही, आपल्या सेवेचा पाढा नाही. मी म्हणालो, "बाई, थोडं विनंतीवजा लिहिलं असतं तर?"

"कृपया लिहिलंय ना? एकदा पुरतं."

प्राचार्य अर्ज घेऊन स्वतः खाली आले. फार मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही आता दगदग करू नका. ग्रंथालय खालीच आहे. तिथे बसा, पुस्तकं चाळा. प्रॅक्टिकल माफ, सुपरव्हिजन माफ, सहल माफ. पगाराला धक्का लागणार नाही, माझा शब्द."

"मी माफी मागितलेली नाही, सर. माझा काही गुन्हा झालाय का?"

"तसं नव्हे हो."

"मग मला माझं काम द्या. तेवढंच मागतेय."

लाजाळूची पानं मिटली. "जागा कुठाय, बाई?" एवढंच म्हणून ते गेले.

जागा होती. तळमजल्यावर जिन्याला लागूनच संस्थेच्या कार्यकारिणीची खोली होती. प्रशस्त, हवेशीर, कोपऱ्यात बेसिन. लांबलचक सागवानी टेबल, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी. महिन्यातून एकदा तिथे विश्वस्तांची बैठक होई आणि झेंडावंदनाला बटाटेवडे. एरवी कुलूप.

बाई मात्र ग्रंथालयात जाऊन बसल्या नाहीत. त्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या आणि मुलांना खाली बोलवू लागल्या. मी वरून एक मायक्रोस्कोप आणून दिला. वाऱ्याने स्लाइडवरच्या काचा उडायच्या, पाणी प्यायला आलेल्या मुलांचा धक्का लागायचा. तरी तास चालू. दिल्लीत अपंगांसाठी नवा कायदा झालाय, असं भावाच्या ओळखीच्या वकिलाने वसई कोर्टाच्या आवारात सांगितलं होतं. मी म्हणालो, "सरळ नोटीस द्या."

"देईन, वेळ आली तर. पण कोर्टाने खोली दिली तर त्या खोलीत मला चहाला कोणी विचारणार नाही. मला इथे शिकवायचंय आणि चहाही प्यायचाय."

अर्ज कार्यकारिणीपुढे गेला. बैठक व्हरांड्याच्या पलीकडेच, दार बंद करून. मी कामाचं निमित्त काढून आसपास घुटमळत होतो. थोड्या वेळाने आतून नाक शिंकरल्याचे आवाज आले. बाईंचा अर्ज वाचून विश्वस्तांचे डोळे पाणावले होते. केवढी निष्ठा, केवढी जिद्द, असं आत चाललं होतं. आणि गहिवरलेला मराठी माणूस जे करतो तेच त्यांनी एकमताने केलं. बाईंचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं.

प्राचार्य फुललेल्या चेहऱ्याने बाहेर आले. "बाई, अभिनंदन."

"खोली मिळाली?"

"खोलीचं बघू सावकाश. सत्कार ठरलाय तुमचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "येईन मी."

मला हसू आलं आणि चीडही आली. तहान लागलेल्या माणसाला पाण्याऐवजी तबकातून अत्तर लावायला यावं, तसला प्रकार. मी बाईंना म्हणालो, "जाऊच नका." तर म्हणाल्या, "का? माझा सत्कार आहे. मी नको?"

सत्काराच्या दिवशी दुपारी टेम्पो फाटकातून आत आला. बाई नेहमीच्याच सुती साडीत. पायऱ्यांपाशी एक खुर्ची झेंडूच्या माळांनी सजवून ठेवली होती आणि अर्नाळ्याचे आमचे दोन शिपाई दंड थोपटून उभे होते. दोघे कोळ्यांची मुलं, मनाने फार चांगली. थोरला म्हणाला, "बाय, तुमी निसत्या बसा. आमी अख्खी होडी पान्यातून वर आनतो, तुमचं काय वजन?"

"होडीला विचारता का रे तुम्ही, वर यायचंय का म्हणून?"

"होडी कशी बोलल, बाय?"

"मी बोलते. मला उचलायचं नाही."

आणि त्या सजवलेल्या खुर्चीत, तिथेच, जिन्याच्या पायथ्याशी बसल्या. वर लाऊडस्पीकरवर स्वागतगीत सुरू झालं. संपलं. पुन्हा सुरू झालं. प्राचार्य धावत खाली आले. "बाई, सगळे खोळंबलेत. अध्यक्ष आलेत, मानपत्र आलंय."

"मी वेळेवर आलेय, सर."

"पण सत्कार वर आहे."

"आणि मी खाली आहे. दोघांपैकी एकालाच हलता येतं."

प्राचार्य वर गेले, पुन्हा खाली आले, पुन्हा वर गेले. स्वागतगीताच्या मुलींचा घसा बसायची वेळ आली. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होतो. लाज, भीती, मजा, सगळं एकदम वाटत होतं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. फक्त मांडीवरची बोटं एकमेकांत अडकवून त्यांनी घट्ट धरली होती. तेवढ्याने दुखत असणार त्यांना, हे मला माहीत होतं.

शेवटी सत्कार खाली आला. आधी मुली आल्या, मग हारांचं तबक, मग मानपत्र आणि मग विश्वस्त, कठड्याला धरून, "आई गं" म्हणत, एकेक पायरी. पण एवढी मंडळी मावणार कुठे? तळमजल्यावर एकच जागा. कार्यकारिणीच्या खोलीचं नुसतंच लोटलेलं दार उघडलं. तर आत पंख्याखाली सर्वांत वडील विश्वस्त आधीपासूनच बसलेले. धोतर, काठी, समोर चहा. वाडीवाले, बाईंच्या वडिलांचे स्नेही. ते वर गेलेच नव्हते.

अध्यक्षांनी बाईंच्या खांद्यांवर शाल पांघरली. भाषण केलं, आणि भाषण करता करता स्वतःच भारावून गेले. म्हणाले, "बाईंच्या सेवेचा सन्मान म्हणून, त्या सेवेत असेपर्यंत, ही खोली आम्ही त्यांच्या प्रयोगशाळेसाठी देत आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सर्वांत जोरात वाजवल्या. मिळाली की खोली. बाई सत्काराला उत्तर द्यायला उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या.

"अध्यक्षांची मी आभारी आहे. पण ही खोली मला अशी नको."

टाळ्या थांबल्या. मी त्यांच्या खुर्चीमागे वाकून कुजबुजलो, "बाई, घ्या की. उगाच काय हे." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"मला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "कार्यकारिणीची खोली पूर्वी पहिल्या मजल्यावर होती. मी या कॉलेजात लागले तेव्हा मी स्वतः तिथे मुलाखत दिलेली आहे. ती खाली का आली?"

सगळ्यांना ठाऊक होतं.

"विश्वस्तांचे गुडघे दुखायला लागले म्हणून आली. बरोबर झालं. खोली वर असती तर बैठका कशा झाल्या असत्या? टेबल हलवलं, तसबिरी हलवल्या, काम चालू राहिलं. तेव्हा कोणी सत्कार केला होता का विश्वस्तांचा? कोणी म्हणालं का, तुमच्या सेवेचा सन्मान म्हणून, तुम्ही असेपर्यंत? नाही. कारण ती सोय होती. तुमच्या गुडघ्यांना सोय आणि माझ्या गुडघ्यांना सन्मान, असं कसं? सन्मान म्हणून दिलेली खोली माझ्याबरोबर रिटायर होईल. उद्या दुसरं कोणी येईल, त्याने इतकी वर्षं सेवा केलेली नसेल, त्याला तुम्ही काय सांगाल? आधी सत्काराला पात्र हो, मग खाली ये? नाव नीट ठेवा. नाव चुकलं की उपाय चुकतो."

अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, गेली खोली. हातातोंडाशी आलेला घास बाईंनी स्वतःच्या हाताने भिरकावला. त्या क्षणी त्यांचा मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही.

तेवढ्यात पंख्याखालचे वडील विश्वस्त हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ठसका लागला, मग कोणीतरी त्यांना पाणी दिलं. डोळे पुसत ते घरच्या बोलीत म्हणाले, "पोरी, तुजा बापूस पन असाच होता. एकदा बांधावर उभा राह्यला की हलायचा नाय." मग काठी अध्यक्षांकडे रोखून म्हणाले, "लिवा रे. ती सांगते तसं लिवा. माजे गुडघे दुखतात, मी इकडे बसतो. मना कोन काय बोलला का कधी?"

बाईंनी सांगितलं आणि प्राचार्यांनी मानपत्राच्या पाठीवर लिहून घेतलं, कारण दुसरा कागद हाताशी नव्हता. वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर राहील, आणि ज्या कोणाला जिना चढता येत नाही, मग तो शिक्षक असो की विद्यार्थी, त्याचा वर्ग खाली भरेल. बाईंचं नाव त्यात कुठेच नव्हतं. अध्यक्षांनी ते घालायचा एकदा प्रयत्न केला. "निदान 'बाईंच्या प्रेरणेने' एवढं तरी," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुझा शेवटचा पेपर मी तपासला होता. तेव्हाही तू उत्तरात असंच पाणी घातलं होतंस." इथे मात्र सगळेच हसले, आणि अध्यक्षही.

कपाटं खाली यायला पुढचं सत्र उजाडलं. तोवर बाई त्या सागवानी टेबलाशी एकच मायक्रोस्कोप घेऊन बसत. सत्काराची शाल मायक्रोस्कोपवर झाकायला वापरत, धूळ बसू नये म्हणून. कार्यकारिणीची बैठक त्याच खोलीत, त्याच टेबलावर होत राहिली, फक्त आता कपाटातल्या नमुन्यांच्या फॉर्मलिनचा वास डोळ्यांना झोंबायचा, त्यामुळे बैठका निम्म्या वेळात आटोपू लागल्या. संस्थेचा कारभार सुधारला असं लोक म्हणत. श्रेय कोणाचं ते आम्हाला ठाऊक होतं. प्रॅक्टिकल मात्र दहाऐवजी साडेनऊला ठेवलं. तो अर्धा तास बाईंनी प्राचार्यांना कधी माफ केला नाही. रोज साडेनऊला त्या प्राचार्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हजेरी घेत.

त्या खोलीत त्यांनी निवृत्तीपर्यंत शिकवलं. निरोप समारंभाला त्यांनी नकार दिला. शेवटच्या दिवशी पानवेलीचा सेक्शन होता. तो झाल्यावर हात धुतले आणि टेम्पोत बसून गेल्या.

पुढे काही वर्षांनी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नोकरी करा, पण जिने चढू नका. आमचा प्रथम वर्षाचा थिअरीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरायचा. रजा संपत आली तशी मला झोप लागेना. मुलांची शिक्षणं व्हायची होती, आणि त्याहून मोठं म्हणजे खडूची सवय. अर्ज लिहिला, चारदा फाडला. डॉक्टरांचा दाखला, रिपोर्ट, सगळं पिशवीत घेऊन प्राचार्यांपुढे गेलो. नवे प्राचार्य तरुण होते, मुंबईहून आलेले. बाईंना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी पिशवी उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "सर, जिना बंद ना? तुमचा एफवायचा तास खाली टाकतो. सकाळचा चालेल की दहानंतर?"

"दहानंतर," मी म्हणालो.

त्यांनी वेळापत्रकावर पेन्सिलने खूण केली, तेवढ्यात फोन वाजला आणि ते विद्यापीठाच्या कुठल्याशा परीक्षेबद्दल बोलायला लागले. मी थोडा वेळ बसून राहिलो. मग उठून बाहेर आलो. व्हरांड्यात उभा राहिलो आणि मला रडू आलं. माझी दया कोणी केली नव्हती, आणि माझं कौतुकही.

तसाच रिक्षा करून बाईंच्या वाडीवर गेलो. बाई ओटीवर खाटेला उशी लावून बसल्या होत्या. बोटं आता पूर्ण मिटली होती, आवाज तोच. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. प्राचार्य काय म्हणाले, मी काय म्हणालो, पिशवी कशी उघडलीच नाही.

"मग?"

"मग काही नाही, बाई. एवढंच."

"आणि एवढं सांगायला ऑपरेशन झालेला माणूस रिक्षाने हेलकावे खात आलात? त्यात सांगण्यासारखं काय आहे?" बाई म्हणाल्या. मग वहिनींना चहा ठेवायला सांगितला, आणि वहिनी चहा घेऊन बाहेर आल्यावर मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.